मुलांचा दगड-खनिजांचा किट: खडे सो सो, टेस्टिंगचं सामान मात्र वसूल

लेक चौथीत आहे आणि दप्तरातून रोज दोन-चार दगड घरी येतात, म्हणून हा किट ऑनलाइन मागवला. हजाराच्या आत बसला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण सेम टू सेम डबा वेगवेगळ्या नावांनी विकतात. आत पंधरा खडे, खोदून आणखी खडे काढायचा एक प्लॅस्टरचा ठोकळा, हातोडी-छिन्नी, लोहचुंबक, भिंग, काचेची पट्टी, एक खरखरीत पांढरी टाइल आणि रंगीत पुस्तिका.

आधी खड्यांचं बोलते. निळाजांभळा अ‍ॅगेट आहे तो सरळ सरळ रंगवलेला आहे, नैसर्गिक अ‍ॅगेट बहुतेक करडा, तपकिरी, लालसर असतो, असा शाईत बुडवल्यासारखा नाही. ओपलाइट म्हणून जो दुधाळ खडा दिलाय ती चक्क काच आहे, कारखान्यात बनवलेली. आणि हेमॅटाइट तर खटकन चुंबकाला चिकटला, तिथेच शंका आली, खरा हेमॅटाइट चुंबकाकडे जेमतेम ओढला जातो. टाइलवर घासला तर रेघ लालसर तपकिरी यायला हवी, आमची काळपट आली. म्हणजे हाही बनवलेलाच. लेकीला सांगितलं तर ती नाराज व्हायच्या ऐवजी खूशच झाली, "म्हणजे आपण चोर पकडला!" म्हणे.

आणि इथेच किटचे पैसे वसूल होतात बघा. ती पांढरी टाइल आणि काचेची पट्टी म्हणजे या डब्याचा जीव आहे. पायराइट दिसतो सोनेरी, घासला की रेघ येते हिरवट काळी, खऱ्या सोन्याची पिवळी येते. क्वार्ट्झ आणि कॅल्साइट दोन्ही पांढरट, मुलांना सेमच वाटतात, पण क्वार्ट्झने काचेवर ओरखडा पडतो आणि कॅल्साइट नुसता घसरतो. कॅल्साइटवर व्हिनेगरचा थेंब टाकला की बारीक बुडबुडे येतात, व्हिनेगर नसेल तर लिंबू पिळा, भिंगातून बघायला लावा. फुटला तरी तिरक्या डब्यांसारखे तुकडे पडतात. माझी पोरगी त्यानंतर घरभर व्हिनेगर घेऊन फिरत होती, शहाबादी फरशीचा तुकडा थोडा खरवडून त्या भुकटीवर टाकलं तर फसफसलं, कारण ती चुनखडीच असते.

पुस्तिका मात्र निराशा. खडक आणि खनिज यातला फरक एका ओळीत उरकलाय. मुलांना हे सांगायला काय जड आहे, की खनिज म्हणजे एकच ठरावीक पदार्थ, जसं आपलं सैंधव मीठ, आणि खडक म्हणजे बहुतेक वेळा अशा खनिजांचा मिळून बनलेला. ग्रॅनाइटच्या ओट्याकडे बोट दाखवलं तरी काम होतं, राखाडी काचेसारखे दाणे क्वार्ट्झ, पांढरे किंवा गुलाबी फेल्डस्पार, चमचमतं ते अभ्रक. कडकपणाचा 1 ते 10 तक्ता दिलाय, 1812 मध्ये मोह्स या जर्मन माणसाने केला तो, पण त्यात हे नाही की हे फक्त क्रमांक आहेत, 9 आणि 10 मधलं अंतर बाकीच्यांपेक्षा खूपच मोठं आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे ज्या ठोकळ्यातून खडे खोदायचे तो घट्ट झालेला प्लॅस्टर ऑफ पॅरिस, म्हणजे जिप्समच, नखाने ओरखडा पडणारं 2 नंबरचं खनिज हातात आहे आणि पुस्तिकेत त्याचा शब्दही नाही!

बसाल्ट पण नाही डब्यात. म्हणजे पुण्या-नाशिकच्या पोरांनी ज्या दगडावर उभं राहून हा डबा उघडायचा तोच गायब. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे तो, थंड होताना त्यात वाफेच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यात खनिजं वाढली, खडीच्या ढिगात पांढरे ठिपके दिसतात ना, ते बऱ्याचदा झिओलाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट तर जगभरातले दगड जमवणारे शोधत असतात. त्यामुळे खड्यांसाठी किट घेऊच नका, सामानासाठी घ्या, दगड बाहेरून आणा (खाणीत पोरांना नेऊ नका, रस्त्याकडेची खडी पुरते). शक्य असेल तर सिन्नरच्या गारगोटी म्युझियमला एक चक्कर मारा, झिओलाइट एवढे सुंदर असू शकतात हे तिथे बघून कळतं.

काही प्रॅक्टिकल गोष्टी. खोदकाम गॅलरीत आणि ओल्या फडक्यावर करा, प्लॅस्टरची धूळ बारीक असते आणि नाकातोंडात जाते, किटमध्ये मास्क नव्हता, गॉगलही नव्हता, दोन्ही घरचे वापरले. काचेच्या पट्टीच्या कडा घासलेल्या नव्हत्या, मी सेलोटेप लावून दिली. सात-आठ वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस बसायलाच हवं.

पाचपैकी तीन स्टार. काचेच्या कडा गुळगुळीत करून दिल्या असत्या आणि काचेला ओपलाइट म्हणून खपवलं नसतं तर चार दिले असते.