घरच्या कॉकटेलसाठी महुआ

घरी कॉकटेल करायचे म्हटले की इंदुरात बहुतेकांची मजल ओल्ड मंक आणि कोला किंवा एखादी जिन आणि टॉनिक वॉटर येथपर्यंतच जाते. या जोड्यांविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु इंदूर विभागातल्याच अलीराजपूर जिल्ह्यात मोहाच्या फुलांपासून गाळली जाणारी ‘मोंड’ ही महुआ आता रीतसर सीलबंद बाटलीत मिळत असताना तिच्याकडे केवळ पाहुण्यांना दाखवण्याची नवलाई म्हणून पाहणे मला पटत नाही. मध्य प्रदेश सरकारने 2021 मध्ये महुआला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून विकण्याचे धोरण जाहीर केले आणि त्यातून अलीराजपूरची ‘मोंड’ व दिंडोरीची ‘मोहुलो’ या बाटल्या निघाल्या.

महुआची चव समजण्यासाठी फुलाचा विचार करावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी ही मांसल फुले वाळली की मनुकांसारखी होतात, आणि त्यांच्यात साखर इतकी असते की बाहेरून गूळ न घालताही ती आंबतात. पेल्यातले मद्य पाण्यासारखे स्वच्छ दिसते. वास मात्र गोड, फुलांचा आणि मागाहून किंचित मातकट येतो. नुसती घेतल्यास हा वास अनेकांना जड वाटेल. कोलात घातली तर तो बुडून जातो, आणि मग महुआ आणण्याचे कारणच उरत नाही.

तिचे खरे नाते लिंबाशी आहे. साठ मिलिलिटर महुआ, पंचवीस मिलिलिटर ताजा लिंबाचा रस आणि समभाग साखर-पाण्याचा वीस मिलिलिटर पाक भरपूर बर्फाबरोबर शेकरमध्ये बारा-पंधरा सेकंद जोराने हलवून गाळून घेतल्यास आंबटपणामुळे मातकट छटा मागे सरते आणि फुलांचा वास पुढे येतो. हलवताना वितळणारे पाणी हा या पेयाचा घटकच असल्यामुळे ते टाळण्यासाठी हात आखडता घेऊ नये. ब्राझीलमध्ये उसाच्या रसापासून केलेल्या ‘कशासा’ या मद्यात लिंबाच्या फोडी साखरेबरोबर चेचून ‘काइपिरिन्या’ हे कॉकटेल करतात. तीच रीत महुआलाही मानवते, फक्त आपल्या कागदी लिंबाची साल फार रगडू नये, नाहीतर पेय कडवट होते. पेल्याच्या कडेला लिंबू फिरवून जिरावण लावावे, पण अर्ध्याच कडेला, म्हणजे प्रत्येक घोटाबरोबर ते घ्यावे की नाही हे पिणाऱ्याला ठरवता येते. पोह्यांवरचा हा मसाला दारूच्या पेल्याला लावलेला पाहून घरातील वडीलधारी मंडळी काय म्हणतील, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

टॉनिकबरोबर मात्र महुआ देऊ नये. टॉनिकमधल्या क्विनीनचा कडूपणा आणि महुआची शेवटची मातकट छटा एकत्र आल्या की घोट खडबडीत लागतो. टॉनिकसाठी 2017 मध्ये बाजारात आलेली ‘ग्रेटर दॅन’ ही भारतीय जिन अधिक योग्य, कारण तिच्यातील ज्युनिपर आणि धने त्या कडूपणाला धरून राहतात. ओल्ड मंकला लिंबू-पाकाचे वरील प्रमाण चालते, पण तिच्या व्हॅनिलासारख्या गोडव्यामुळे पाक थोडा कमी करावा.

लिंबू नको असेल तर महुआत चमचाभर मध आणि बिटर्सचे (वनस्पतींच्या कडू अर्काचे) दोन थेंब घालून पेय बर्फावर फक्त ढवळावे. रस नसलेल्या पेयाला शेकरची गरज नसते. मध आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवला नाही तर तो बर्फाला लागून तळाशी गोठतो. फ्रीजमधील बर्फाचे बारीक तुकडे यासाठी निरुपयोगी असून छोट्या वाटीत गोठवलेला एक मोठा गोळा बराच वेळ टिकतो. सोबत खायला हिवाळ्यात गराडू, म्हणजे तळून मसाला लावलेला कंद, उत्तम. लसणीची शेव मात्र टाळावी, कारण तिच्यापुढे महुआचा वास जाणवतच नाही.