वर्गातली पंगत : ३२ मुले, दोन तास आणि संत्र्याच्या बिया

नाताळच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक वर्गात मेजवानी करण्याची आमच्या मुलीच्या शाळेत पद्धत आहे. एरवी त्या दिवशी वेफर्सची पाकिटे आणि केकचा तुकडा यापलीकडे काही होत नाही, आणि नंतर वर्ग झाडणाऱ्या मावशींचे तेवढे हाल होतात. यंदा पालकांनी वर्गणी काढून नागपूरच्या धरमपेठ भागातील दोन बहिणींच्या घरगुती सेवेला बोलावले. मुलांना जेवू घालता घालता जेवण्याची रीत शिकवणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप आहे. दुसरीच्या वर्गातील ३२ मुले, दोन तासांचा वेळ आणि दर मुलामागे १८० रुपये असा हिशेब ठरला होता. मदतीला गेलेल्या चार पालकांपैकी मी एक होते.

सुरुवात हात धुण्यापासून झाली आणि तिथेच गणित चुकले. व्हरांड्यात नळ एकच, रांग ३२ जणांची आणि प्रत्येकाने साबण लावून वीस सेकंद हात चोळायचे. पहिली पंचवीस मिनिटे त्यातच गेली, आणि रांगेत पुढे असलेल्या मुलांनी तोवर फळ्यावर हात पुसून घेतले होते.

पंगतीचा भाग मात्र अतिशय उत्तम होता. नुसते बसवून ‘असे करा, तसे करू नका’ असे सांगण्याऐवजी त्यांनी आळीपाळीने चार-चार मुलांना वाढपी केले. मीठ वर मधोमध, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डाव्या हाताला, भाजी उजव्या हाताला, वरण-भात खाली आणि भातावर तूप, हे पान एकदा स्वतः वाढल्यावर मुलांना विचारावे लागले नाही. ज्या मुलाच्या डब्यातली भाजी रोज घरी परत जाते, तोच गाजराच्या कोशिंबिरीचे पातेले दोन्ही हातांनी धरून ‘थोडी घेऊन तर पाहा’ असा आग्रह करीत फिरत होता, आणि आपण वाढलेले कोणी पानात टाकलेले दिसले की त्याचा चेहरा उतरत होता. ‘पुरे’ म्हणताना पानावर हात आडवा धरावा आणि सर्वांना वाढून होईपर्यंत थांबावे, हेही वाढप्यांच्या लवकर लक्षात आले, कारण थांबलेल्यांसाठीच ते धावत होते. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा मुलांना झेपेल इतका सौम्य होता आणि सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, खुसखुशीत होती. तिचा चुरा मात्र सर्वत्र झाला.

काट्या-चमच्याचा भाग नसता तरी चालले असते. कागदी ताटलीतले नूडल्स जड स्टीलच्या काट्याने खाण्याची पंधरा मिनिटे हसण्यातच गेली. माझी खरी तक्रार याहून वेगळी आहे. वर्गात एक डावखुरा मुलगा आहे. काटा डाव्या हातातच धरा असा आग्रह ज्या ताईंनी धरला, त्यांनीच त्या मुलाने त्याच डाव्या हाताने भाताचा घास घेताच त्याला सर्वांसमोर टोकले. तो नंतर बराच वेळ गप्प होता. वर्गात कोणी डावखुरे आहे का, हा प्रश्न लहान मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी आधीच विचारून ठेवायला हवा होता. मी तसे त्यांना नंतर सांगितले आणि त्यांनी ते मानलेही.

शेवटी आंबिया बहाराची, म्हणजे या हंगामातली, संत्री आली. भौगोलिक मानांकन मिळालेल्या संत्र्याच्या गावात राहूनही निम्म्या मुलांना संत्रे सोलता येत नव्हते, कारण घरी आपणच फोडी करून देतो. साल उलटी ठेवून तिची वाटी करायची, बी आधी मुठीत घ्यायची आणि मग वाटीत टाकायची, हे दाखवायला त्या ताईंनी स्वतः तीन संत्री संपवली. ‘मॅडम, हा बिया खाली फेकून राहिला!’ अशी पहिली तक्रार आली, तेव्हा तक्रार करणारीच्याही बाकाखाली दोन बिया होत्या. दोघांनी मिळून त्या उचलल्या.

१८० रुपयांत जेवण, भांडी आणि आवराआवर हे सारे येत असल्याने दर मला वाजवी वाटला. आपल्या वर्गासाठी बोलावणार असाल, तर काट्या-चमच्याचा भाग वगळायला सांगा, हात धुण्यासाठी दोन बादल्या आणि तांबे आधीच भरून ठेवा, डावखुऱ्या मुलांची नावे आदल्या दिवशी कळवा, आणि संत्री दोन डझन जास्त मागवा.