ओम्नीचं रिकंडिशन इंजिन: आठ महिने, साडेनऊ हजार किलोमीटर आणि सहा रबरी सील

आमची ओम्नी २००९ची, पेट्रोलवरची. नाशिकच्या सिडकोत माझं पोळीभाजी केंद्र आहे आणि रोज दोन पाळ्यांचे डबे अंबड एमआयडीसीत पोचवायचे असतात. गाडी मीच चालवते. पंधरा वर्षं झाली म्हणून २०२४ मध्ये पाच हजार फी आणि वर ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग करून घेतलं. एवढं केल्यावर वर्षभरातच, ऐन श्रावणात, अंबड लिंक रोडवर सीटखालून वाफ आली आणि गाडी जागेवर थांबली. मागे नव्वद डबे.

मेस्त्रींनी सीट उचलून ऑइलचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतून दुधाळ चहासारखा फेस. "ताई, हेड गॅस्केट गेलंय, पाणी ऑइलमध्ये उतरलं. आता नुसत्या गॅस्केटवर भागणार नाही." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या खालची, पाणी-ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी. इंजिन आधीपासूनच दमलेलं होतं. पिकअप नाही, मायलेज अकरावर आलेलं.

मग तीन वाटा समोर आल्या. आपलंच इंजिन खोलून बोअर करायचं (म्हणजे सिलिंडरचं भोक घासून मोठं करायचं), रिंग-पिस्टन, बेअरिंग, हेडचं काम करायचं: तीस हजारांच्या आसपास, पण लेथवाल्याकडे रांग, म्हणून दहा दिवस. किंवा भंगारातून अपघाती गाडीचं इंजिन, अठरा हजार, चाललं तर चाललं. किंवा तयार रिकंडिशन इंजिन, म्हणजे दुसरं जुनं इंजिन आधीच खोलून दुरुस्त केलेलं, आपलं जुनं देऊन छत्तीस हजार, दोन दिवसांत गाडी हातात. डब्यांसाठी भाड्याचा टेम्पो रोज सातशे घेत होता. दहा दिवसांचे सात हजार धरले तर आपलं इंजिन सदतीस हजारांना पडतं. म्हणून तिसरी वाट धरली. हिशोब तेव्हा बरोबर वाटला होता.

पूर्ण बिल असं झालं: इंजिन ३६,०००, मजुरी ४,५००, ऑइल-फिल्टर-कूलंट २,२००, इंजिन उतरवलंच आहे म्हणून क्लच प्लेट २,८००, माउंटिंग १,१००, होज पाइप ९००. एकूण ४७,५००. कुणी "पस्तीसमध्ये इंजिन बसवून देतो" म्हटलं तर वरचे दहा-बारा हजार आपणच मनात धरायचे.

पहिला महिना मी खूश होते. गाडी पहिल्या सेल्फला चालू, आवाज गोड, पाथर्डी फाट्याचा चढ तिसऱ्यावर. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या पुढे नेली नाही आणि हजाराला ऑइल बदललं.

दुसऱ्या महिन्यात डिपस्टिकने, ऑइल मोजायच्या पट्टीने, झोप उडवली. मला रोज सकाळी कणीक मळायच्या आधी ऑइल बघायची सवय लागली होती, आणि हिशोबाच्या वहीत तारीख, किलोमीटर, किती ओतलं हे लिहीत होते. आधी ८०० किलोमीटरला अर्धा लिटर. दोन महिन्यांनी ७०० किलोमीटरला सहाशे मिली. या इंजिनात सगळं मिळून जेमतेम तीन लिटर ऑइल मावतं, त्यामुळे सहाशे मिली म्हणजे पाचवा हिस्सा. ऑइलच्या पैशांपेक्षा मला भीती होती की एखाद्या दिवशी बघायचं राहिलं तर नवं बेअरिंगही जाईल.

इंजिन देणाऱ्याकडे वही घेऊन गेले. उत्तर मिळालं, "ताई, जुन्या गाडीला एवढं चालतं." अहो, गाडी जुनी आहे, इंजिन तर तुम्ही नवं केलंय ना? त्यावर, वॉरंटी आवाजाची आणि ब्लॉक फुटण्याची, ऑइलची नाही. पावतीवर फक्त "६ महिने वॉरंटी" एवढंच. कशाची, हे मी घेताना विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी येऊन ठरवलं होतं की रिकंडिशन हा प्रकारच फसवा आहे, वरून चंदेरी रंग मारायचा आणि आत जुनंच ठेवायचं. रंगही कसा, तर स्प्रे होज पाइपच्या टोकावरही उडालेला.

हे मत मला बदलावं लागलं.

मार्गशीर्षात आम्ही सप्तशृंगी गडावर गेलो. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, म्हणून आम्ही नेहमी मधल्या दिवसांत जातो. सोबत सातपूरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका होते, आमच्याकडून डबा घेणारे जुने गिऱ्हाईक. चढताना ते मागच्या काचेतून धूर बघत बसले. पाच माणसं, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर दाबलेला, आणि मागे काहीच नाही. उतरताना मी गिअरमध्येच, पाय सोडून गाडी खाली आणली. नांदुरीला सपाटीवर येऊन ॲक्सिलरेटर दाबला आणि मागे निळ्या धुराचा लोट.

काका म्हणाले, "रिंगा चांगल्या आहेत. तुझे व्हॉल्व्ह सील गेलेत."

त्यांनी सांगितलं ते असं. पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर खराब असेल तर जोर लावताना, चढावर धूर येतो. उतारावर पाय सोडला की सिलिंडर जोराने ओढ घेतो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरचा सील ढिला असेल तर वरचं ऑइल गाइडमधून, म्हणजे दांडा सरकतो त्या नळीतून, खाली ओढलं जातं. पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की तेच जळतं. सकाळी पहिल्या स्टार्टला धूर येऊन मग थांबतो, तोही याच कारणाने, कारण रात्रभर ऑइल झिरपून बसलेलं असतं. आमची गाडी रोज सकाळी नेमकं तेच करत होती आणि मी ते थंडीवर ढकलत होते.

मेस्त्रींनी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं: १२, १२ आणि साडेअकरा किलो. तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाला यापेक्षा चांगलं काय हवं. मग हेड उतरवलं. पिस्टन नवे, ०.५० ओव्हरसाइझचे, म्हणजे बोअर ६८.५ वरून ६९ मिलिमीटर केलेला. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे बोअर केल्यावरच्या बारीक घासाईच्या, तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. मी बोट फिरवून बघितलं, कडा कुठेच लागली नाही. खालचं काम मन लावून केलेलं होतं, हे मला मान्य करावंच लागेल.

आणि वर, हेडमध्ये, सहा व्हॉल्व्हचे सहा सील जुनेच. मेस्त्रींनी एक पकडीने काढून माझ्या तळहातावर ठेवला. रबर म्हणायचं पण नख लावलं तर वाकेना, चिंचोक्यासारखा टणक. दाबला तर तुकडा पडला. सहा सीलची किंमत तीनशे रुपयेसुद्धा नाही. ४७,५०० च्या कामात कुणीतरी तेवढे वाचवले आणि मी चार महिने ऑइल ओतत बसले. याचा राग अजून गेलेला नाही. सील, नवं हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह घासणं आणि मजुरी मिळून माझे आणखी ३,४०० गेले.

त्यानंतर साडेतीन हजार किलोमीटर झाले, वहीत ऑइल ओतल्याची एकच नोंद आहे, तीनशे मिली. सकाळचा धूर बंद.

मायलेज आता चौदा. महिन्याला बाराशे किलोमीटर धरले तर तेवीस लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे चोवीसशे रुपये. सगळा खर्च पावणेदोन वर्षांत फिटेल. ओम्नी २०१९ मध्येच बंद झाली, नवी ईको घ्यायची तर लाखांची गोष्ट आणि दर महिन्याला हप्ता. सुटे भाग अजून सहज मिळतात, कारण इंजिन मारुती ८०० चंच. त्यामुळे इंजिन बदलायचा निर्णय चुकला नाही असंच मी म्हणेन. पण पुन्हा वेळ आली तर दहा दिवस टेम्पो लावेन आणि आपलंच इंजिन समोर उभं राहून करून घेईन.

त्याला आणखी एक कारण आहे, इंजिन नंबर. बदली इंजिन घेतलं की नंबर बदलतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो आरसीवर चढवावा लागतो. नाहीतर विम्याच्या क्लेमला अडचण. माझ्या बिलावर नुसतं "मारुती इंजिन १ नग" होतं. नंबर घालून नवं बिल मिळवायला तीन खेपा, मग पेठ रोडच्या आरटीओत दोन. डब्यांची वेळ सांभाळून या पाच खेपा मारणं सोपं नव्हतं.

घेणाऱ्याने पैसे देण्याआधी टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, उघडायला लावावं, बोअर आणि क्रँकचं माप कागदावर मागावं, आणि हेडमध्ये नवं काय टाकलं ते बिलावर लिहून घ्यावं.

ते सहा सील मी एका छोट्या डबीत ठेवलेत. डबी इंजिनवाल्याच्या दुकानाच्या काउंटरवर उघडली तेव्हा मालकांनी बराच वेळ त्याकडे बघितलं आणि पंधराशे रुपये परत देतो म्हणाले. अजून मिळालेले नाहीत. मिळाले की सांगते.