भूल कोणती घ्यावी? शस्त्रक्रियेनंतर मळमळ होणाऱ्यांसाठी

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ भेटतात, तेव्हा बहुतेक जण दुखण्याबद्दलच विचारतात. मळमळीचा विषय निघतच नाही. मग शुद्धीवर आल्यावर ओकाऱ्यांनी जीव मेटाकुटीला येतो, ताज्या टाक्यांवर ताण पडतो तो वेगळाच.

आधी आपला धोका ओळखा. स्त्री असणे, सिगारेट न ओढणे, गाडी लागणे किंवा मागच्या शस्त्रक्रियेनंतर उलट्या झालेल्या असणे, आणि नंतर मॉर्फिनसारखी वेदनाशामके लागणे, या चार गोष्टी मोजतात. यातली एकही लागू नसेल तर शक्यता साधारण १० टक्के. एक असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८०. (सिगारेटचा मुद्दा वाचून कोणी ती सुरू करू नये. फुप्फुसांचं नुकसान फार मोठं आहे.)

आता भुलीचे प्रकार. वायूची पूर्ण भूल सर्रास दिली जाते, पण पहिल्या दोन तासांतल्या उलट्यांचं मुख्य कारण हा वायूच असतो. तीच पूर्ण भूल शिरेतून, प्रोपोफॉल या औषधाने देता येते आणि मळमळ कमी होते. तीन-चार गोष्टी लागू असतील तर मी हिच्याबद्दल आग्रहाने विचारेन. हातापायाच्या शस्त्रक्रियेत तेवढाच भाग बधिर करता आला तर आणखी चांगलं, कारण वायूही टळतो आणि नंतरचं मॉर्फिनही कमी लागतं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, त्यातही वायू टळतो; मात्र रक्तदाब एकदम उतरला तर तिथेही मळमळतं.

मळमळ रोखणाऱ्या औषधांत ऑनडॅन्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन ही नेहमीची जोडी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दोघांनीही धोका जवळपास सारखाच, म्हणजे सुमारे एक चतुर्थांशाने कमी केला. त्यामुळे दोघांत सरस कोण हे शोधत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी काम करतात, म्हणून धोका जास्त असेल तर एकत्र देतात. फरक पडतो तो दुष्परिणामांत. ऑनडॅन्सेट्रॉनने डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर ते आधी सांगायलाच हवं. डेक्सामेथासोनने रक्तातली साखर चढते, तेव्हा मधुमेह असणाऱ्यांनी जरूर बोलावं. अ‍ॅप्रेपिटंट या मळमळीवरच्या आणखी एका औषधाचा परिणाम जास्त वेळ टिकतो, पण त्यानंतर महिनाभर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहता येत नाही.

त्याच दिवशी घरी सोडणार असतील तर घरी मळमळ सुरू झाल्यावर काय घ्यायचं हे निघण्यापूर्वीच लिहून घ्या. ऑनडॅन्सेट्रॉन देऊन सहा तासही झाले नसताना उलटी झाली, तर तेच पुन्हा घेण्यापेक्षा वेगळ्या गटातलं औषध लागू पडण्याची शक्यता जास्त असते.