नळ्या खोडाला टेकवा म्हणणाऱ्याला वावरात पाय ठेवू देऊ नका

८३,१२० रुपये गेले आणि बारा वर्षांची ७१ संत्र्याची झाडं गेली. नातेवाइकांत अजून कुणाला पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे लिहितोय, कारण ऑगस्टची फळगळ सुरू झाली की बाग वाचवतो म्हणून औषध गळ्यात मारणारे हेच लोक संत्रापट्ट्यात पुन्हा गावोगाव फिरणार आहेत.

माझी ३८० झाडं, जंबेरी लिंबाच्या खुंटावरची कलमं, जमीन भारी काळी. मागच्या ऑगस्टमध्ये आंबिया बहराची फळं गळू लागली. तीसेक झाडांची पानं पिवळी पडली होती, काहींच्या बुंध्यातून डिंक येत होता. हा डिंक्या रोग मला कळत नाही असं नाही. पण पाऊस थांबत नव्हता, व्यापाऱ्यानं ठरलेला भाव तोडला होता, आणि पोरासारखी वाढवलेली झाडं डोळ्यांसमोर वाळताना माणूस कुणाचंही ऐकतो. शिवाय त्या औषध विकणाऱ्या माणसाला वावरात घेऊन आला तो आमच्या नेहमीच्या कृषी केंद्राचा मालक. पंधरा वर्षांचा व्यवहार. त्याच्यावर विश्वास ठेवला, यात माझं काय चुकलं?

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मोबाइलवर हिरव्यागार बागांचे व्हिडिओ, ‘आधी आणि नंतर’चे फोटो, कंपनीच्या लेटरहेडवर हमीपत्र. पानाला एक यंत्र लावून ‘तपासणी’ केली, तिचे १,८०० रोख. मग ‘बाग पुनरुज्जीवन पॅकेज’, म्हणजे औषधाचे कॅन, झाडामागे १५० रुपये, म्हणजे ५७,००० रुपये. २०,००० रोख दिले, ३७,००० फोनवरून. पैसे कंपनीच्या खात्यात गेले नाहीत, कुणा खासगी माणसाच्या नावावर गेले. नाव स्क्रीनवर दिसलं होतं. बिल म्हणून मिळाला तो कोटेशनचा कागद, त्यावर ना बॅच नंबर ना सही. पक्कं बिल हातात पडल्याशिवाय रुपयाही देऊ नका, दुकानदार सख्खा भाऊ असला तरी.

पण हे सगळं नंतरचं. मला जे झोपू देत नाही ते वेगळंच आहे. तो माणूस एका आजारी झाडाजवळ उभा होता. पावसाची उघडीप होऊन आठवडा झाला होता, तरी बुंध्याशी चिखल होता. त्याचा बूट त्यात रुतला. त्यानं पाय ओढून काढला, बूट बाजूच्या गवताला पुसला आणि मला म्हणाला, “दादा, झाडाला पाणी कमी पडतंय. ड्रिपच्या नळ्या खोडाला टेकवा, औषध थेट मुळाला लागलं पाहिजे. एकवीस दिवस रोज तीन तास चालवा.”

चिखल त्याच्या बुटाला होता आणि मी मान डोलावली.

बाबा जिवंत असताना एकच गोष्ट सारखी सांगायचे, “बुडाले पानी लागू देऊ नोको.” त्यांच्या काळी दुहेरी आळं असायचं. आतल्या आळ्यानं खोड कोरडं राहायचं, पाणी सोडायचं ते बाहेरच्या आळ्यात. पाणी-अन्न घेणारी तंतुमुळं बहुतेक झाडाच्या घेराखाली पसरलेली असतात, बुंध्याशी नसतात. मी त्याला एवढंच विचारलं, “उकरून मुळं बघता का?” तो म्हणाला, “गरज नाही, मशीननं कळतं.” तिथंच त्याला बांधाबाहेर काढायला हवं होतं. कुदळ हाताशी होती.

महिन्यात थोडी नवी पालवी दिसली. तेवढ्यावर ऑक्टोबरमध्ये दुसरा डोस गळ्यात मारला, झाडामागे ६४ रुपये, एकूण २४,३२०. तेही दिले. पालवी दिसल्यावर कोण देणार नाही? नोव्हेंबरपासून झाडं शेंड्याकडून वाळू लागली. जानेवारीअखेर ७१. फोन आधी ‘मीटिंगमध्ये आहे’, मग बंद. कृषी केंद्रवाला म्हणतो, मी फक्त ओळख करून दिली.

शेवटी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेला भाच्याचा मित्र आला. त्यानं सगळ्यात आधी उकरलं. तंतुमुळांची साल बोटानं ओढली की मोज्यासारखी निघून येत होती, आत नुसती दोरी उरलेली. फायटोफ्थोरा, म्हणजे मुळं कुजवणारा बुरशीसारखा रोग. या रोगाचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात, आणि मी एकवीस दिवस त्यांना रोज पाणी पुरवलं. मुळंच कुजलेली, तर वरून कितीही अन्न ओता, ते घेणार कोण? त्यानं नळ्या घेराच्या कडेला सरकवायला लावल्या, पाणी निम्म्यावर आणलं, चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढायला सांगितलं. आजारी झाडांची उरलेली फळं तोडली, जीव तुटला तरी तोडली. रोगट साल धारदार चाकूनं खरवडून जाळली आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावली: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. सगळ्या बागेच्या मोरचूद-चुन्याला ४,६०० रुपये लागले. बुंध्याला चढलेली मातीही काढली. कलमाचा जोड मातीखाली गेला की रोगाला वाट मिळते. हे सगळं ऑगस्टमध्येच करता आलं असतं.

आता कार्यालयांचं ऐका. तालुक्याला कृषी कार्यालयात गेलो, तर साहेब म्हणाले, हे खतही नाही आणि कीटकनाशकही नाही, बायोस्टिम्युलंट, म्हणजे वाढीला चालना देणारं औषध आहे, आमच्यात बसत नाही. मी मुकाट्यानं परत आलो. नंतर कळलं, २०२१ पासून बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशातच आहे. ते सांगायला दुसऱ्यांदा गेलो, तर नमुना सीलबंद पाहिजे म्हणाले. माझे सगळे कॅन उघडलेले. वापरायच्या आधी शेतकरी सील फोडणार नाही तर काय करणार? म्हणून सांगतो, एक कॅन बिलासकट तसाच ठेवा. जिल्ह्याला पाठवलं, तिथून पुन्हा तालुक्याला. पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, पक्कं बिल आणा. तक्रार निवारण समिती आली ती अर्ज दिल्यापासून ४३व्या दिवशी. तोपर्यंत वाळलेली झाडं मी उपटली होती, रोग पसरू नये म्हणून. त्यांनी विचारलं, झाडं कुठंयत? फोटो दाखवले, ते बघितले नाहीत. अहवालात लिहिलं, ‘अतिरिक्त पाण्यामुळे मुळकूज, शेतकऱ्याचे व्यवस्थापन सदोष.’ हमीपत्राच्या मागच्या बाजूला त्या औषधवाल्यानं स्वतःच्या हातानं ‘रोज ३ तास, नळी खोडाजवळ’ असं लिहून दिलंय. तो कागद मी अर्जाला जोडला होता. अहवालात त्याचा एका शब्दानंही उल्लेख नाही. पंचनामा होईपर्यंत एकही झाड उपटू नका, निदान चार-पाच तरी उभी ठेवा.

माझी सात हेलपाट्यांची मजुरी आणि गाडीभाडं ८३,१२० मध्ये धरलेलंच नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. ज्यांनी लाजेखातर अजून तोंड उघडलं नाही त्यांनी तारखा मोजून बघा. फोनवरच्या व्यवहाराची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी, रिकामे कॅन, काहीही फेकू नका.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक जण सांगत होता, दुसऱ्याच नावाच्या कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक माणूस त्याच्या बागेत येऊन गेला. पानाला यंत्र लावलं, मुळं उकरली नाहीत. झाडामागे १६० सांगितले. मी त्याला विचारलं, नळ्या कुठं ठेवायला सांगितल्या? तो म्हणाला, खोडाला टेकवून.

त्याच संध्याकाळी कुदळ घेऊन त्याच्या वावरात गेलो आणि चार झाडं उकरून दाखवली.