पिल्लू आमचं, व्हिडिओ भलत्याच कुत्र्याचे

"पिल्लू आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो" असं सांगणाऱ्या एका श्वान प्रशिक्षकाने आम्हाला व्यवस्थित गंडवलं. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्याची तऱ्हा सांगते, कारण असा धंदा करणारा तो काही एकटा नसणार.

आमचा ब्रूनो जर्मन शेफर्ड, तेव्हा चार महिन्यांचा. या वयाच्या पिल्लाच्या अंगात काय वारं असतं ते ज्यांनी पाळलंय त्यांना सांगायला नको. चपला, सोफ्याचे कोपरे, आमचे घोटे, समोर येईल ते दातात. संध्याकाळी तर घरभर नुसता धिंगाणा. प्रशिक्षक घरी आला, त्याला जेमतेम पाहिलं आणि म्हणाला, "ताई, याची एनर्जी आत्ताच जिरवली नाही ना, तर पुढे हाच तुम्हाला फरफटत नेईल. महिनाभर सोडा माझ्याकडे." पैसे सगळे आगाऊ. वर ब्रूनोचा पडलेला डावा कान चिमटीत धरून कॅल्शियमच्या पावडरचा डबाही गळ्यात मारला. म्हणे कान उभा राहतो, हाडं भक्कम होतात. आणि अट अशी की मध्ये भेटायला यायचं नाही, मालक दिसला की पिल्लू शिकलेलं विसरतं.

रोज रात्री व्हिडिओ यायचा. 'बस' म्हटलं की बसतोय, पट्टा ढिला सोडून शेजारी चालतोय, दोन्ही कान ताठ. "पावडरीचा गुण," खाली मेसेज. घरात सगळे खूश. व्हिडिओ मात्र कायम अगदी जवळून घेतलेला, शेजारी दार, खुर्ची काही दिसायचं नाही, त्यामुळे अंगापिंडाचा अंदाज येत नसे. एकदा त्यातल्या कुत्र्याने मोठी जांभई दिली. मी तिथेच थांबवून चित्र मोठं केलं. वरचे सुळे जाडजूड, पूर्ण वाढलेले! ब्रूनोचे तर अजून सुईसारखे दुधाचे होते. पिल्लांचे पुढचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात, सुळे त्याच्यानंतर, पाचव्या-सहाव्या महिन्यात. रंग तोच, पाठीवरचा काळा झूलही तसाच, पण हा कुत्रा आमचा नव्हताच.

आत्ताच्या आत्ता व्हिडिओ कॉल करा म्हटलं, तर रेंज नाही. मग न कळवता थडकलोच. ब्रूनो पिंजऱ्यात, एका पुढच्या पायावर भार न देता उभा. पंजांच्या गाद्या सोलवटलेल्या. हाक मारली तर शेपूट पोटाखाली. प्रशिक्षक वर तोंड करून म्हणतो, "बघा, किती शांत झालाय!" शिकवण्याच्या नावाने काय चालायचं ते त्याच्या मदतनिसाकडून कळलं. सकाळ-संध्याकाळ स्कूटरच्या मागे पळवायचं, बाकी वेळ पिंजरा.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मोडलेलं काही नव्हतं. मोठ्या जातींच्या पिल्लांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो, तो भरून यायला साधारण एक ते दीड वर्ष लागतं. तोवर कडक रस्त्यावर लांबवर पळवणं, उंचावरून उड्या, सारखे जिने, यातलं काही नको. स्वतःच्या मर्जीने गवतावर बागडणं वेगळं, तिथे दमलं की ते आपणच बसतं. स्कूटरमागे बांधलेल्याला बसायची सोय नसते.

डॉक्टर सगळ्यात जास्त चिडले ते डबा पाहून. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या शरीराला जादाचं कॅल्शियम अडवता येत नाही, पोटात गेलेलं बरंचसं शोषलंच जातं, आणि त्याने हाडं-सांधे उलट बिघडतात. नेदरलंड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवरच्या अभ्यासांत हे दिसून आलेलं आहे. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात कॅल्शियम मोजूनमापून असतं, वर चमचाभरही नको. आणि कान? शेफर्डचे कान दात येण्याच्या काळात वरखाली होतातच. ब्रूनोचा डावा पुढे आपोआप उभा राहिला, डबा कचऱ्यात गेल्यावर.

'एनर्जी जिरवणं' हाच त्या माणसाचा खरा गळ. पिल्लाला दिवसातले अठरा-वीस तास झोप लागते, आणि संध्याकाळचा धिंगाणा पुष्कळदा झोप अपुरी झाल्याचा असतो, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलं. आता दुपारी त्याला अंधाऱ्या खोलीत निजवतो, खाणं वाटीत न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून हुंगून शोधायला लावतो, चावायला रबरी खेळणं देतो. शिकवणी पाचेक मिनिटांची, दिवसातून थोडी थोडी. माणसांवर पुन्हा विश्वास बसायला मात्र फार वेळ लागला. स्कूटरचा आवाज आला की अजून पलंगाखाली जातो.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "तुमचं पिल्लूच मंद आहे." मग नंबर ब्लॉक. त्याआधी आम्ही व्हिडिओ, मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या उतरवून ठेवल्या होत्या, आणि पिल्लू परत आणलं त्याच दिवशी डॉक्टरांकडून लेखी अहवाल घेतला होता. तक्रार त्यावरच उभी आहे. बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षक म्हणवून घ्यायला कसलाही परवाना लागत नाही, त्यामुळे बिल्ले आणि प्रमाणपत्रांची चौकट पाहून भुलू नका. आमच्यासमोर शिकवाल का, आणि न सांगता कधीही आलो तर चालेल का, एवढं विचारा.

व्हिडिओतल्या त्या कुत्र्याच्या उजव्या कानाच्या कडेला एक बारीक खाच आहे. तुमचं शेफर्ड पिल्लू कुणाकडे शिकायला असेल आणि व्हिडिओत ती खाच दिसली, तर फोन करत बसू नका, तडक जाऊन पिल्लू घेऊन या.