आठ पलंग, सत्तावीस पेट्या

नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला नवऱ्याची नोकरी, घराचा हप्ता, मुलीची शाळा. आणि विमानकंपनीचं पायलटचं ट्रेनिंग संपताना मला बेस, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते ते शहर, मिळाला न्यूयॉर्क. सिनिऑरिटीच्या यादीत तळाला असलेल्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, बेस निवडता येत नाही, पदरात पडेल तो घ्यायचा. जंपसीट, म्हणजे विमानातली क्रूसाठीची जादा खुर्ची, मिळाली तर घरून ये-जा फुकटात होते. पण रिझर्व्हवर, म्हणजे कुणाच्या तरी बदली उडायला तयार, असताना शॉर्ट कॉल (ऐनवेळचं बोलावणं) आला की आमच्याकडे दोन तासांत हजर व्हावं लागतं. रॅलेहून ते होणं नाही. ट्रेनिंगचं हॉटेल कंपनीचं असतं, बेसवर कुठे झोपायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

त्यासाठी क्रॅशपॅड. एका घरात दहा-वीस पायलट आणि केबिन क्रू पैसे भरतात, ज्याला जेव्हा गरज असेल तेव्हा तो येऊन आडवा होतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं क्यू गार्डन्स याबाबतीत इतकं नावाजलेलं आहे की लोक त्याला क्रू गार्डन्सच म्हणतात. तिथून क्यू-१० बस थेट जेएफके विमानतळाला जाते. कोल्ड बेड म्हणजे तुमचा स्वतःचा पलंग, दुसरं कुणी झोपणार नाही. हॉट बेड म्हणजे जो रिकामा दिसेल तो. चादर आपली आणायची, उठलं की गुंडाळून आपल्या पेटीत ठेवायची. माझ्या पेटीत आईने शिवलेली वाकळ होती. कोल्हापूरहून आलेली, विमानकंपनीच्या कुठल्याही ब्लँकेटपेक्षा उबदार.

अशा एका क्रॅशपॅडचा नंबर दिला ट्रेनिंगच्या वर्गातल्याच एका मैत्रिणीने. तिने तिथे पैसे भरले होते, राहून बघितलं नव्हतं. हा फरक मला तेव्हा सुचलाच नाही. ते चालवणारा माणूस म्हणाला, मी पण क्रूच. गळ्यात विमानकंपनीची पट्टी, तोंडी सगळी आमचीच भाषा: लाईन होल्डर (रिझर्व्हमधून सुटून ठरलेलं वेळापत्रक मिळालेली) कधी होशील, कोणता कॅप्टन खडूस आहे. खरं तर एवढ्यावरच मी विकली गेले होते. सकाळी अकराला त्याने व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. स्वच्छ तळघर, आठ पलंग, बायकांची खोली वेगळी, सगळं शांत. सकाळी अकराला क्रॅशपॅड शांतच असणार, सगळे आकाशात असतात! हॉट बेडचे महिन्याचे ३०० डॉलर आणि ३०० डिपॉझिट मी झेल या पैसे पाठवायच्या अ‍ॅपवरून पाठवून दिले.

एप्रिल-मे बरा गेला. जूनमध्ये एका संध्याकाळी वादळ आलं, न्यूयॉर्कची विमानं थांबली आणि घरी जाऊ न शकलेले सगळे एकदम खोलीवर आले. मी अकराला पोचले तर बायकांच्या खोलीत दोन अनोळखी पुरुष घोरत होते. स्वयंपाकघराच्या फरशीवर तिघं. झोप येईना म्हणून कपाटातल्या पेट्या मोजल्या. झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, त्यावर मार्करने नाव. सत्तावीस. हॉट बेडला पलंगापेक्षा माणसं जास्त असणं हा धंद्याचा भागच आहे, पण आठाला सत्तावीस? शेवटी मी विमानतळावरच्या क्रू रूममधल्या खुर्चीत जाऊन झोपले. २००९ मध्ये बफेलोजवळ विमान पडून ५० माणसं गेली, त्या फ्लाईटचा कॅप्टन आदली रात्र क्रू रूममध्ये होता आणि फर्स्ट ऑफिसर रात्रभर प्रवास करून सिॲटलहून आली होती. हे आम्हाला शिकवलेलं असतं. सहवैमानिकालाही आधी १५०० तासांचं उड्डाण हवं, हा नियम त्या अपघातानंतरच आला. तरी मी झोपले, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशी भांडले. तो चिडला नाही, उलट ओशाळला. म्हणाला, ताई असतीस तर तुला असं झोपू दिलं असतं का? एक कोल्ड बेड रिकामा होतोय, ४५० चा; सहा महिन्यांचे एकदम दिलेस तर २३०० मध्ये देतो. मी दिले. इथे मला माझाच राग येतो. ज्याने २७ जणांना आठ पलंग विकले, त्याच्याचकडून मी नववी वस्तू विकत घेतली.

पाचच आठवडे. एका दुपारी दाराला महापालिकेच्या इमारत खात्याचा कागद चिकटवलेला: घर रिकामं करा. तळघर राहण्यासाठी मंजूरच नव्हतं, बाहेर पडायला दुसरी वाटही नव्हती. २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात क्वीन्समधल्या अशाच तळघरांत पाणी शिरून माणसं बुडाली होती. मी तिथे चार महिने झोपत होते, डोक्यापाशी लोखंडी जाळीची खिडकी. त्याचा फोन बंद. वरच्या मजल्यावरचे वयस्कर घरमालक म्हणाले, मी एका माणसाला भाड्याने दिलं होतं, तुम्ही सगळे त्याचे पाहुणे आहात असं तो सांगायचा.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. स्मॉल क्लेम्स कोर्टात १०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण समन्स पाठवायला खरं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे होतं टोपणनाव.

नव्याने बेस मिळालेल्यांनो, न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून भाड्याच्या जागेला सहसा एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट किंवा आगाऊ रक्कम मागता येत नाही. सहा महिन्यांचे मागितले तिथेच मी उठायला हवं होतं. घर कुणाच्या नावावर आहे ते शहराच्या अ‍ॅक्रिस या संकेतस्थळावर पाच मिनिटांत फुकट दिसतं. मग पैसे घेणारा कोण, त्याला पोटभाडेकरू ठेवायची परवानगी आहे का, हे कागदावर मागा. बघायला जायचं तर रात्री दहानंतर जा, शक्यतो वादळाच्या दिवशी. आणि पलंग मोजू नका, पेट्या मोजा.

पेट्या घरमालकांनी फुटपाथवर मांडून ठेवल्या होत्या. माझी मिळाली, पण झाकण निघालेलं आणि रात्री पाऊस झालेला. जेएफकेजवळच्या हॉटेलात १८० डॉलर भरले आणि वाकळ हेअर ड्रायरने वाळवत बसले. पहाटे चारपासून शॉर्ट कॉल होता.